अर्ध्या तासाची सही

कामाला हात लावण्याआधी ताई हातातल्या बांगड्या उतरवायच्या. मग घड्याळ, मग बोटातली अंगठी. सगळं एका छोट्या स्टीलच्या डबीत जायचं आणि डबी खिडकीत. "धातू आन बॅटरी, दोघांची गाठ पडू द्यायची न्हाई," असं म्हणून त्या स्क्रूड्रायव्हर उचलायच्या.

तुम्ही लहान विमानाच्या पुढच्या भागात कधी डोकावला असाल, तर पायलटसमोर टीव्हीसारखा एक पडदा पाहिला असेल. विमान किती उंच आहे, कुठं कललंय, हे तो दाखवतो. विमानाची वीज गेली तरी पडदा चालू राहावा म्हणून त्याच्या पाठीत स्वतःची छोटी बॅटरी असते. ती तपासायची आणि थकली असेल तर बदलायची, हे आमचं काम. वसमतहून जीपनं तासाभरावर एक धावपट्टी आहे. तिथं पायलटचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत मी ताईंच्या हाताखाली चार वर्षं होतो.

ताई हट्टा गावच्या. त्यांच्या वस्तीतून विमान दुरुस्तीचं शिक्षण घेतलेल्या त्या पहिल्याच, आणि आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, विमान उडायला ठीक असल्याची कागदावर सही करणाऱ्या एकट्याच बाई. सकाळी आल्या की शिपायापासून मुख्य इंजिनियरपर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात "जय भीम" म्हणायच्या. कुणी उत्तर देई, कुणी नुसती मान हलवी. त्यांच्या आवाजात फरक पडत नसे.

बॅटरीची तपासणी म्हणजे कंटाळ्याचा कळस. विमानाची वीज तोडायची, पडदा त्याच्या बॅटरीवर चालू द्यायचा आणि तीस मिनिटं समोर बसून राहायचं. तीस मिनिटं पडदा जगला तर बॅटरी चांगली. आधी विझला तर चार स्क्रू काढून नवी बसवायची. ताई या वेळात गावाकडची गोष्ट सांगायच्या. चुलत बहिणीचं लग्न, म्हैस हरवल्याचं प्रकरण. पण तिसाव्या मिनिटाला गोष्ट जिथं असेल तिथं तुटायची. एकदा नवरदेव मांडवाच्या दारात असतानाच त्या उठल्या.

"ताई, पुढं काय झालं?"

"पुढच्या इमानात सांगते."

नवरदेव आठ दिवस दारातच उभा होता.

त्या दिवशी दोन विमानांच्या बॅटऱ्या तपासायच्या होत्या. आमच्या भागातल्या गोरेगावला माझ्या मावसभावाचा साखरपुडा होता आणि मला चारची जीप धरायची होती. ताई दुसऱ्या विमानात नवी बॅटरी बसवत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला एकट्याला तपासणीला बसवलं.

मी बारा मिनिटं बसलो. पडदा छान उजळ होता. कागदावर मी तीस मिनिटं लिहिली.

"पूर्ण बसलास ना, बापू?" त्यांनी विचारलं.

"व्हय ताई."

त्यांनी सही केली. मी जीप धरली. साखरपुड्यात दोनदा जेवलो, हेही आठवतं.

तीन आठवड्यांनी त्याच विमानाची वीज हवेत गेली. शिकणारी एक मुलगी आणि तिचे प्रशिक्षक आत होते. हवा धुळीनं भरलेली, खालची जमीन धड दिसत नव्हती. पडदा बॅटरीवर गेला आणि पंधराव्या मिनिटाच्या आत काळा झाला. प्रशिक्षकांनी बाकीच्या काट्यांवर नजर ठेवून विमान उतरवलं. मुलगी बाहेर आली आणि पंखाखाली बसली ती उठेचना. ताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. मी लांब उभा राहून पाहत होतो. नवी बॅटरी तेव्हा आमच्याच कपाटात खोक्यात पडून होती. बदलायला वीस मिनिटं लागली असती.

चौकशी तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी ताईंनी मला सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं, "बापू, तू तीस मिनिटं बसला होतास?"

"व्हय ताई, बराबर तीस."

त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मी चहाच्या कपात बघितलं.

मग त्या मुख्य इंजिनियरांना म्हणाल्या, "सही माझी हाय. जबाबदारी माझी हाय."

बाहेर कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाला सह्या द्यायच्याच कशाला?" दुसऱ्यानं त्याहून वाईट काही म्हटलं, त्यांच्या वस्तीवरून. मी ऐकलं आणि पाना पुसत बसलो.

त्यांचा सहीचा अधिकार काढला. महिनाभर त्यांना सामानाच्या खोलीत बसवलं, मग त्या स्वतःच काम सोडून गेल्या. त्यांचं टेबल मला मिळालं. पुढं सहीही मिळाली.

दोन वर्षं मी त्या टेबलावर बसलो.

मग ती मुलगी लायसन्स घेऊन निरोप घ्यायला आली. सगळ्यांना पेढे वाटले आणि मला विचारलं, "ताई कुठं असतात हो? त्यांची चूक झाली असेल, पण त्या दिवशी त्यांनीच मला सावरलं." तिनं ताईंसाठी वेगळा पुडा आणला होता. तो माझ्या हातात दिला.

त्या रविवारी मी हट्ट्याला गेलो. घरासमोर हळद वाळत पडली होती. ताई एका इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरत होत्या. वसमतच्या एका बॅटरीच्या दुकानात त्यांना काम मिळालं होतं. मी पुडा दिला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी बॅटरीचं झाकण लावलं. "ठाव होतं मला."

"कवापासून?"

"चौकशीच्या पहिल्या दिवशी. खरं तीस मिनिटं बसलेला माणूस कंटाळा सांगतो, कंबर दुखली म्हणतो. तू पटकन बराबर तीस म्हणलास."

"मग तुमी बोलल्या काहून न्हाईत?"

"न बघता सही केली, ती चूक माझीच. बाकीचं तू सांगशील म्हणून थांबले. तिन्ही दिवस थांबले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं.

"इथं रडून मोकळा होऊ नको," त्या म्हणाल्या. "उद्या तिथं लिहून दे."

मी लिहून दिलं. माझी सही गेली, टेबल गेलं, विमानं धुवायचं काम आलं. मुख्य इंजिनियरांनी ताईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, माझा कागद दोनदा वाचला. पुन्हा रुजू व्हा, असं साहेब म्हणाले तेव्हा त्यांनी कागद नीट घडी करून परत ठेवला.

"मी दोन वर्षांपूर्वी इथंच होते, साहेब. तवा कुणाला वाटलं न्हाई की ही बाई असं करणार न्हाई." एवढं बोलून त्या निघाल्या.

रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर चालावं लागतं. मी मोटारसायकल घेऊन मागं गेलो. "बसा ताई, सोडतो."

"पायानं जाते."

मी गाडी बंद केली आणि त्यांच्या मागं ढकलत चाललो. वसमतची जीप आली. त्या खिडकीशी बसल्या. मला वाटलं, आता तरी काही बोलतील, शिव्या देतील.

"तुझा डबा तसाच भरलेला दिसून राहिला पिशवीत," त्या म्हणाल्या. "जेवून घे."

जीप गेली. त्यानंतर ताई मला भेटल्या नाहीत. मी तिथंच रस्त्याकडेला गाडी लावली आणि डबा उघडला. भूक नव्हती. पण त्यांनी सांगितलं होतं, म्हणून सगळा संपवला.