पहिल्या चौकटीतला श्री

उंब्रजची स्वप्ना सत्त्याण्णव साली कुपवाडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायला लागली, तेव्हा त्या खोलीत चपला दाराबाहेर काढून जावं लागे.

कारखान्यात यंत्रांत बसवायचे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्या, बनायचे. त्यांची मापं ती एक्सेलमध्ये भरी आणि छापील कार्डावर प्रिंट काढून लेथवरच्या केरबाला देई. कार्डावर बुशांचे नंबर आधीच छापलेले. समोरच्या चौकटीत फक्त माप उमटायचं.

खंडेनवमीला मशीनपूजा झाली. कॉम्प्युटर विकणाऱ्याच्या माणसानं पूजेची भेट म्हणून एक्सेलला एक ॲड-इन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, जोडून दिलं. कुठलीही शीट उघडली की वर आपोआप ‘श्री’ची ओळ यायची. मालक हंबीरराव खूश झाले.

त्या ओळीनं सगळी मापं एक घर खाली ढकलली. दोन नंबरच्या बुशासमोर एकचं माप, तीनसमोर दोनचं. एक नंबरचा बुश त्या आठवड्यात करायचाच नव्हता. त्याच्या चौकटीत श्री बघून केरबानं कार्ड कपाळाला लावलं आणि लेथ सुरू केला.

चाळीस बुश भंगारात गेले.

“माप चुकवलंस तू,” हंबीरराव म्हणाले. “शनिवारपासनं येऊ नकोस.”

“प्रिंट तपासली न्हाई, ती चूक माझी. माप बरोबर भरलंय. ती ओळ काढते, मग बघा.”

“श्री काढायचा न्हाई! तुमच्यात चालत न्हाई म्हणून डोळ्यांत खुपतोय व्हय?”

स्वप्नाच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

“आमच्यात काय चालतं ते आमच्या घरी. हितं माप चालतं.”

ती खोलीत गेली. ॲड-इनच्या यादीत त्याच्या नावापुढची खूण पुसली. एक्सेल बंद करून उघडलं. श्री हजर. पुन्हा तेच.

“पोरी, देव हाय त्यो,” केरबा दारातून म्हणाला. “हलायचा न्हाई.”

“देव न्हाई, केरबाकाका. फाइल हाय.”

एक्सेल सुरू होताना ज्या फोल्डरमधलं सगळं आपोआप उघडतं, तो तिनं धुंडाळला. तिथं त्याच ॲड-इनची दुसरी प्रत दडून बसली होती. ती तिनं फ्लॉपीवर घेतली, तिथून पुसली. शीट उघडली. वर काही आलं नाही. नव्या कार्डावर दोनसमोर दोनचंच माप उमटलं. केरबानं एक बुश कातून माप तपासायच्या गेजवर लावला.

“आयला, बसला की गं.”

स्वप्नानं फ्लॉपी हंबीररावांच्या टेबलावर ठेवली.

“हा तुमचा श्री. सुखरूप हाय. देव्हाऱ्यात ठेवा.”

“आन् परत घातला तर?”

“परत काढीन.”

शनिवारी साडेआठला ती आली. चपला पायातच ठेवून खुर्चीवर बसली.