बाळूच्या नावाची नळी

बुरशीबाईंनी आपला वैरी सहा वर्षं काचेच्या नळीत जिवंत ठेवला होता. नळीवर मेलेल्या भावाचं नाव चिकटवलं होतं: बाळू.

नातवंडांनो, लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आम्ही दोघी तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. बुरशीबाई हे मुलींनी ठेवलेलं नाव. त्या मूळच्या मुखेडकडच्या. दुष्काळात बुरसलेला मका खाऊन त्यांचा धाकटा भाऊ पोट फुगून, पिवळा पडून गेला. "ऊन दाखवा अन् खा," असं मका देणाऱ्यानं सांगितलं होतं. ऊन दाखवलं; बुरशी झडली, विष राहिलं. बाईंनी त्यातला मूठभर मका तपकिरीच्या डबीत जपला, शिकल्या, आणि त्या दाण्यांवरची बुरशी नळीत वाढवली. उरलेले दाणे चुलीत घातले. "त्याचं घर जाळलं, मॅडम."

"नळी पण जाळा ना एकदाची," मी म्हणायचे.

"एकाला मारून काय? घरोघरी हाय त्यो. वीख बनवायची अक्कल त्याच्या कोणत्या जनुकात हाय, ते सापडू द्या. मुळावरच घाव घालते."

बुरशी नव्या नळीत, ताज्या खुराकावर सरकवायचं काम माझ्याकडे, कारण मी शिस्तीची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, एकदाही न चुकता. एके दिवशी बाईंनी तिचा अर्क जांभळ्या दिव्याखाली धरला, तर विषाची निळी चमकच नाही. पुन्हा धरला. नाही. पिढ्यान्‌पिढ्या आयतं खाऊन बुरशी कधीकधी विष बनवणंच सोडते, हे आम्हाला नंतर कळलं. आणि परत जायला मूळचा एक दाणाही उरला नव्हता.

"मॅडम, लई लाडानं वाढवलंत हो त्याला." त्या रडल्या नाहीत. नखानं बाळूचं लेबल सोडवून पर्समध्ये ठेवलं.

मग प्रत्येक पावसाळ्यात, रविवार आला की एसटीनं मुखेड. येताना पिशवीत भिजका मका. "त्याचे भाऊबंद असतीलच की. खानदान सोडायची न्हाई." चौथ्या पावसाळ्यात एक बुरशी दिव्याखाली निळी चमकली, त्यांच्याच गावच्या मक्यावरची. बाळूचं लेबल तिला लागलं. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून म्हणाल्या, "ह्यो इसरला, ह्यो न्हाई. आता दोघांतला फरक काढते."

काढता काढताच आजारी पडल्या. नांदेडच्या दवाखान्यात मला पाहून त्यांनी माझं मनगट धरलं. "दुसऱ्याला तरी वीख इसरू देऊ नका, मॅडम. कोणीतरी फरक काढंल."

ती बुरशी मी कोरड्या मातीत निजवून ठेवली, म्हणजे वाढणार नाही आणि विसरणारही नाही. पहिली तारीख पाळली नाही. कॉलेज सोडताना त्यातली चिमूटभर जागी करून दिव्याखाली धरली. निळं चमकलं. मला फार बरं वाटलं.