म्युझियममधला पितळी डबा

इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या छोट्या म्युझियममध्ये या गावात येऊन वसलेल्या लोकांसाठी कार्यक्रम होता. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची होती. मी आपला लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून घेतलेला पितळी डबा नेला. समोर एवढे लोक बघून मला चेवच आला! आमच्या गोदावरीआजीने हा डबा मांडीवर धरून बोटीतून कसा आणला, हे मी साभिनय सांगितलं. दोन गोऱ्या बायकांनी चक्क डोळे पुसले.

लेबलं लिहायला एक मराठी बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी कार्डिगनच्या बाहीने डबा पुसला आणि त्यावर कोरलेल्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं: 'चि. सौ. कां. विमल हिस मामाकडून.'

"अहो, लेबलवर आजींचं नाव काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

खरं सांगायची तेवढीच संधी होती. पण मागे लोक अजून माझं कौतुक करत होते.

"गोदावरी," मी म्हणालो.

त्यांनी वळणदार अक्षरात तेच लिहिलं. मग डबा काचेच्या कपाटात ठेवताना कोरलेली बाजू भिंतीकडे फिरवली. माझी अब्रू वाचली. विमल मात्र अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे.