लांबलेला सजदा
नमाजआधी हातपाय धुवायचा, वजूचा तोटीचा पितळी बधना चिंचेने घासायला घेतला की त्या आंबूस वासासोबत करडी गावची, लहानपणीची एक दुपार येते. अंगणात धान वाळत होतं आणि आत माझी फुफी, म्हणजे आत्या, जोहरची, दुपारची नमाज पढत होती. मी पाणी मागायला आले आणि दारातच थांबले. कपाळ टेकवून ती सजद्यात गेली, ती किती तरी वेळ उठलीच नाही. किती मन लावून पढते, असं मला वाटलं. शेवटी सलाम फेरून नमाज संपवली आणि तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “तू दारात आली अन् माहा सजदा लांबला. हा तुह्यासाठी झाला, पोरी. अल्लासाठी नाही.” तिने पुन्हा वजू केला, मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. बऱ्याच वेळाने कडी निघाली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. “आत कोनीच नव्हतं,” ती पुटपुटली, “तरी वाटे कोनी पाहून राहिलं. पुन्हा लांबला.” फुफी आता नाही, बधना माझ्याकडे आला. घरात मी एकटीच असते, तरी नमाजआधी कडी लावते. आणि सजद्यात गेले की दारात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, मग कपाळ लवकर उचलत नाही.