घड्याळ काढून ठेवणारा इनामदार

हंबीररावाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. गडमुडशिंगीच्या गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसून उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीखालचा जाळ सांभाळायचा, हे त्याचं काम. उसाची वाळली चिपाडं आत ढकलायची एवढंच दिसतं. पण किती ढकलायची आणि हात कधी आखडायचा, ते अंगात मुरावं लागतं. जाळ चढला तर गूळ करपतो, पडला तर गूळ बसत नाही. हंबीररावानं काहील करपवलेली कुणी पाहिली नाही. आकाराम त्याचा जोडीदार. तो चिपाडं वाळवायचा, भारे ओढून आणायचा. दोघांची उमर त्याच धुरात गेली.

या हंगामात एका सकाळी हंबीरराव भाऱ्याला टेकून बसला. आकाराम खेकसला, जाळ पडला की रं. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं खांदा हलवला, तर माणूस कलंडला. हातात चिपाड तसंच होतं.

दिवसकार्य झाल्यावर गावानं देवळापुढं शोकसभा घेतली. गाव त्याला ‘इनामदार’ म्हणायचं. तरुणपणी जत्रेच्या नाटकात त्यानं खलनायक केला होता, उदयसिंह इनामदार. एकदाच केला, पण अजून कुणी विसरलं नव्हतं. त्यावर बोलायचं आकारामवर आलं. त्यानं जन्मात माईक धरला नव्हता. जोडीदार गावापुढं नीट उभा राहावा, आपल्या तोंडून काही कमीजास्त होऊ नये, एवढीच त्याला धास्ती होती.

त्यानं इनामदार सांगायला घेतला. नाटकात तो म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढतो. तालमीत मास्तर सांगायचे, ओरड, डोळे वटार. हंबीरराव तसं करायचा आणि ते बेतास बात व्हायचं. प्रयोगाच्या दिवशी त्यानं आकारामचं घड्याळ मागून घेतलं. स्टेजवर आवाज चढवलाच नाही. मनगटावरचं घड्याळ सोडलं, शर्टाच्या टोकानं काच पुसली, घड्याळ स्टुलावर अलगद ठेवलं. मग आईचं काम करणाऱ्या बाईला हळूच म्हणाला, “ऊठ.” आणि लाथ घातली.  बायका बोटं मोडायला लागल्या.

“आणि मग आमची झुंबरमावशी चढली की स्टेजवर,” आकाराम म्हणाला.

एवढ्यावर सभा हसली. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. हंबीररावाची सख्खी आई, झुंबरबाई, प्रेक्षकांतून उठली आणि तिनं इनामदाराच्या कानाखाली जाळ काढला. भोळ्या म्हातारीला नाटक खरं वाटलं! चहाच्या गाड्यावर, कट्ट्यावर, पाव्हण्यांपुढं हा किस्सा गाव वर्षानुवर्षं सांगत आलं होतं. मागून कुणी तरी म्हणालंसुद्धा, याच्यापेक्षा मोठं बक्षीस कुठल्या नटाला मिळतंय?

झुंबरबाई बायकांत बसली होती. ती जमिनीला हात टेकून उठली.

“मला नाटक कळत न्हवतं व्हय रं, आकाराम?”

हसू थांबलं.

“ते घड्याळ काढून ठेवणं त्याच्या बाचं. मला मारताना काच फुटू न्हये म्हणून. आदी पुसायचा. मग म्हणायचा, ऊठ. असाच, हळू.”

हंबीररावाचा बाप गावाला ठाऊक होता. भजनात टाळ धरायचा, कुणाला अरे म्हणायचा नाही. नाटकाच्या आधीच वारला होता. त्याच्या बरोबरीची चार म्हातारी माणसं पुढच्या रांगेत होती. त्यांनी माना खाली घातल्या.

“पोरगं झोपलंय म्हणून मी पदर दातात धरायची. हूं का चूं केलं न्हाय कदी. त्या नाटकात कळलं मला. पोरगं जागं असायचं. म्हणून हाणलं त्येला. जागा का ऱ्हायलास म्हणून.”

ती खाली बसली. आकारामच्या हातात माईक तसाच राहिला. उभी हयात ज्याच्या शेजारी भाकरी खाल्ली, त्याचं एवढंही आपल्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा नाटक केलं नाही, त्याचा दोष त्या थपडेला दिला होता सगळ्यांनी. नाटकानंतर कोल्हापूरहून त्याला न्यायला सिनेमावाले आले होते, हंबीरराव नको म्हणाला, तेव्हा आकारामच म्हणाला होता, आईनं नट मारला.

 माणसं उठली. आकारामनं झुंबरबाईला हात दिला आणि घरी पोचवायला निघाला. 

माळाच्या कडेला तिच्या दोन खोल्या होत्या. नाटक झालं त्याच हंगामापासून हंबीररावानं त्या खोल्यांसाठी मजुरी साठवायला घेतली होती. दिवसभर जाळ घालायचा आणि उतरत्या उन्हात विटा वाहायचा. बापाचं सागवानी घर धडधाकट उभं असताना हा वेडेपणा कशाला, निदान तिथलं लाकूड तरी वापर, असं आकाराम तेव्हा चिडून म्हणाला होता. हंबीरराव पुढची वीट उचलायचा.

चुलवाणापुढच्या त्या मजुरीतून आईच्या नावावर घर उभं राहिलं. बापाच्या घरातला एक खिळाही त्यानं या घराला लावला नव्हता.