उतारावर गप्प होणारी गाडी

आधीच सांगून ठेवते, भूतबाधा, करणी, झपाटणं यातलं मला काही कळत नाही आणि पटत तर अजिबात नाही. डोंबिवली एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं काम करते. समोर भूत उभं राहिलं तर मी त्याला आधी सॅम्पल मागेन... दोनशे मिली, स्वच्छ बाटलीत, झाकण घट्ट लावून. तरीही हे लिहायला बसलेय, कारण गेले वर्षभर मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटलेय आणि आता शेजारपाजारचे मला बघून जिना बदलतात. तुम्ही नवीन आहात. बसा.

मला मोटरसायकली आवडतात. स्कूटर नाही, ती गिअर नसलेली बिचारी गाडी तर नाहीच – मोटरसायकल. सतराव्या वर्षी मामाच्या गाडीवर शिकले. मामाने मागून सोडलं आणि मी थेट त्याच्या गोठ्यात. म्हैस वाचली, मी वाचले, आणि त्या दिवसापासून जे लागलं ते लागलं. आज बावन्न वर्षांची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या तीन गाड्या उभ्या असतात. सेक्रेटरी काका दर मीटिंगला विचारतात, "वहिनी, एका माणसाला तीन गाड्या कशाला?" मी विचारते, "काका, तुमच्याकडे चष्मे किती?" चार आहेत. मी मोजलेत.

या तिघींमधली तिसरी म्हणजे ही गोष्ट. साडेतीनशे सीसीची, माझ्या लग्नाच्याही आधीची. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची काही चूक नाही. या जुन्या गाडीची गंमत अशी की हिचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. शिवाय गिअरच्या मागे टाचेखाली एक छोटी दांडी असते. टाचेने ती दाबली की कुठल्याही गिअरमधून गाडी – खट् – न्यूट्रलला. अशी गाडी चालवायची मला वीस वर्षांची इच्छा होती. शेवटी ती सापडली कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या रस्त्यावरच्या एका गावात, सुदाम म्हात्रे नावाच्या गृहस्थांकडे. पूर्वी भातशेती, आता जमिनीवर बिल्डिंगी. वडील वारले, गाडी ओट्याखाली पडून होती. मी कागद केले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं (विश्वास नाही, पण लिंबाचं काय जातं?) आणि गाडी डोंबिवलीला आणली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रीपुलावरून उतरत होते. तिसरा गिअर, मजेत. आणि अचानक इंजिन गप्प! पाठोपाठ खट्... गाडी न्यूट्रलला. मागून टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न. मी कशीबशी कडेला घेतली, किक मारली, पहिल्या किकमध्ये सुरू. म्हटलं, जुनी गाडी आहे, रुसली असेल.

पुढच्या आठवड्यात ठाकुर्लीच्या पुलावरून उतरताना तेच. आधी इंजिन गप्प, मग खट्. आणि मंडळी, प्रत्येक वेळी फक्त उतारावर! सपाटीवर नाही, चढावर तर मुळीच नाही. उतार लागला की ही बया तोंड मिटून, जीव मुठीत धरल्यासारखी घरंगळत जायची.

ठाण्यात कोपरीला अन्वरभाई म्हणून जुन्या गाड्यांचे मेकॅनिक आहेत. त्यांच्याकडे नेली. त्यांनी गिअरबॉक्स उघडला, स्प्रिंगा बदलल्या, वायरिंग तपासलं. स्वतः कोपरीच्या पुलावरून चार वेळा उतरून आले. काही नाही!

"मॅडम, गाडी एकदम ओके आहे," ते हात पुसत म्हणाले. "बुरा मत मानना... तुमचा पाय चेक करा. टाच लागत असेल, तुम्हाला समजत नसेल."

मी हसले. मोठ्याने हसले. आणि घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला उजवी टाच बुटात दाबून बघितली.

कारण सांगते. मला सहा वर्षं डायबेटिस आहे. माझ्या आईलाही होता. शेवटी शेवटी तिच्या पायाची जाणीव गेली होती. भाजी आणायला जायची, एका पायातली चप्पल रस्त्यात कुठेतरी निघून पडायची आणि तिला कळायचं नाही. एकच चप्पल घालून घरी यायची, आणि आम्ही "आई, दुसरी कुठेय?" विचारलं की खाली बघून दचकायची. ती दचकण्याची मुद्रा मी विसरलेले नाही. अन्वरभाई बरोबर असतील तर टाच मीच दाबत होते आणि ती दाबली जातेय हे मला कळत नव्हतं. म्हणजे माझं गाडी चालवणं संपलं. ही गाडीच नाही, तिन्ही गाड्या.

आता माझी गंमत बघा. आयुष्यभर भुताखेतांची टर उडवणारी बाई मी – आणि रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात म्हणायचे, देवा, भूत असू दे. काहीही असू दे. जखीण असू दे, हडळ असू दे, मी तिला मागच्या सीटवर बसवून फिरवीन. फक्त माझा पाय नको.

झोप गेली. जेवताना टेबलाखाली पायाची बोटं हलवून बघायचे. आंघोळीला गरम पाण्यात आधी डावा पाय, मग उजवा, फरक वाटतो का... कधी वाटायचा, कधी नाही. नवऱ्याच्या, विनयच्या, लक्षात आलंच.

"डॉक्टरकडे जाऊया. पायाच्या नसांची टेस्ट करून टाकू," तो म्हणाला.

"आधी मी प्रयोग करणार."

"कसला प्रयोग?"

"तू मागे बसायचं आणि फक्त माझा उजवा पाय बघायचा."

विनय निवृत्त ड्राफ्ट्समन आहे. आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरच्या रेषा ओढल्यात. अतिशयोक्ती त्याला येत नाही, म्हणून घरातली सगळी मला करावी लागते. शिवाय माझ्या मागे तो बसतो कसा, तर जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा, दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट. रविवारी सकाळी सात वाजता रिकामा ठाकुर्लीचा पूल गाठला. मी पाय दांडीपासून चांगला वीतभर पुढे घेतला. विनय उजवीकडे वाकून बघतोय. उतार लागला. इंजिन गप्प. खट्.

खाली थांबलो. तो उतरून त्या दांडीकडेच वाकून बघायला लागला.

"अरे बोल ना! हलला का माझा पाय?"

"नाही."

"मग?"

"ती दांडी आपोआप खाली गेली. कुणीतरी दाबल्यासारखी... हळू. सवयीने दाबावी तशी." त्याने रुमालाने मान पुसली. "मी रिक्षाने येतो. तू ये मागून."

मला किती आनंद व्हावा! झालाही, अर्धा दिवस. मग मनात आलं – हा माणूस सव्वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला असेल तर? दुपारी विचारलं तर म्हणाला, "मी खोटं बोललो असतो तर रिक्षाने कशाला आलो असतो?" मुद्दा बरोबर होता. तरी जीव थाऱ्यावर येईना. डॉक्टरांची वेळ घेतली, पुढच्या शुक्रवारची.

तेवढ्यात अन्वरभाईंचा फोन. "मॅडम, चावी डुप्लिकेट आहे ना? ढिली असणार. उतारावर हलली की स्विच बंद. ओरिजनल घेऊन या." खटक्याचं उत्तर त्यात नव्हतं, पण निम्मं तर निम्मं. मी त्याच गाडीवरून लगेच म्हात्र्यांचं गाव गाठलं.

सुदामराव चावीचं ऐकून चुळबुळायला लागले. "ताई, चावी आईकडे आहे. ती देत नाय. मी विकतानाच मागितली होती, पण ऐकलंच नाय. शेवटी डुप्लिकेट बनवली."

त्यांची आई, बारकूबाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या. मागच्या अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कानात सोनं, डोळे एकदम चालू. मी शेजारी बसले आणि चावी मागितली.

"नाय देनार," त्या म्हणाल्या. "आमी गाय इकली तरी दावा देत नाय. जनावर जातं, दावा घरान रवतं. नायतर लक्षुमी मागशी जाते."

"अहो आजी, पण ही दाव्याच्या दोरीने बांधायची गाय नाही, मोटरसायकल आहे."

"मंग? चारा नाय खात, पेट्रोल खाते."

मी उठणार, तेवढ्यात त्यांनी सुकटीवरची नजर न काढता विचारलं, "उतारावं गप होते ना ती?"

मंडळी, मी या घरात कुणालाही, कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सुदामरावांना फक्त चावी हवी एवढंच म्हणाले होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

बारकूबाईंनी आधी घराच्या दाराकडे बघितलं. मग मला जवळ ओढलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मी चालवायची तिला."

झालं असं. तेव्हा त्या पस्तिशीच्या. नवरा कारखान्यात पाळीला जायचा बसने, गाडी घरी. सासरे दुपारी ओट्यावर झोपायचे. ही बाई गाडी ढकलत अंगणातून उतारावर न्यायची, खाली विहिरीपाशी गेली की किक मारायची आणि थेट मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत. येताना वरच्या अंगाने यायची. वळण आलं की इंजिन बंद, टाचेने न्यूट्रल, आणि गाडी गुपचूप घरंगळत झोपलेल्या सासऱ्यांच्या समोरून अंगणात. बारा वर्षं! कुणाला पत्ता नाही. चालवायला शिकवलं कोणी? कुणीच नाही. नवऱ्याचे पाय बघून शिकल्या.

"लुगड्यात?"

"तुमच्या प्यांटीपरीस आमचा लुगरा बरा."

"आणि पेट्रोल? मालकांना कळलं नाही?"

त्या इतक्या हसल्या की सुकट सांडली. "तो सांगायचा, शेजारचा गनपत पेट्रोल चोरतं. मरेपर्यंत गनपताशी बोलला नाय तो." मग हसू थांबलं. "गनपत चांगला होता पन."

मी म्हटलं, आजी, मला चावी द्या, फक्त एक फेरी. त्या म्हणाल्या, मना मागं बसव, मंग देते. सुदामराव "आई, गुडघे!" म्हणून ओरडत असताना ही बाई दोन्हीकडे पाय टाकून बसलीसुद्धा. ओरिजनल चावी कमरेच्या पिशवीतून काढून स्वतः हात लांब करून स्विचमध्ये घातली. घट्ट बसली, अजिबात हलत नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला गेलो, वळण घेतलं, उतार लागला...

इंजिन गप्प. खट्.

चावी जागच्या जागी. माझा पाय वीतभर पुढे. मागे वळून त्यांचे पाय बघितले, ते मागच्या फुटरेस्टवर, दांडीपासून लांब. म्हटलं, "आजी, बघितलंत? हे असं –"

पाठीत एक धपाटा बसला. "गप र्‍हा. आता बोलाचा नसतं."

मी गप्प बसले. नुसता टायरचा आवाज आणि वारा. ओट्यावर सुदामराव, त्यांची बायको, दोन सुना, सगळे तोंड उघडं टाकून उभे. आणि बारकूबाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत, मान ताठ ठेवून, अंगणात उतरल्या. कुणी काही विचारायच्या आत चावी काढली आणि पुन्हा कमरेला खोचली.

"आपली ओळख झाली ना आता, तर द्या की चावी," मी म्हटलं.

"ओलख झाली म्हनून तर नाय देनार. येत जाशील मंग."

शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो. पायाला तारा लावल्या, बारीक झटके दिले, काट्याने टोचलं, कंपन करणारा चिमटा बोटांवर ठेवला. मी डोळे मिटून प्रत्येक वेळी "हो... हो... हो" म्हणत होते आणि विनय बाजूला बसून माझ्यापेक्षा जास्त घामाघूम. डॉक्टरांनी कागद बघितले, चष्मा वर केला.

"दोन्ही पाय उत्तम आहेत. साखर सांभाळा. बाकी गाडी चालवायला काही हरकत नाही."

मी खुर्चीतून उडालेच. जिन्यापर्यंत पोचलो आणि विनयने माझा दंड धरला. चेहरा पांढरा.

"अगं, पाय ठीक आहे. गाडी ठीक आहे. चावी ठीक आहे."

"हो!"

"आणि ज्या बाईची ती सवय, ती बाई जिवंत आहे. सुकट निवडतेय."

"हो ना!"

"मग दांडी दाबतं कोण?"

मला माहीत नाही. आजही माहीत नाही. गाडी अजूनही तेच करते. मी आता तिला पुलांवर नेत नाही. महिन्यातून एकदा बारकूबाईंकडे जाते, तो एक उतार आम्ही दोघी न बोलता उतरतो. तुमच्यापैकी कुणाकडे कारण असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. मी कुणाचंही ऐकते. पण त्या शुक्रवारी विनयला तसंच जिन्यात उभं ठेवून मी समोरच्या दुकानातून एक किलो पेढे घेतले आणि सोसायटीत दारोदार वाटले. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "वहिनी, कशाबद्दल?"

म्हटलं, "काका, घ्या, घ्या. माझी गाडीच झपाटलेली निघाली!"