तात्यांचं सुतक

मी शिकायला पुण्याला निघाले त्या सकाळी वडिलांच्या डोक्याला गुंडाळलेल्या पंच्यातून रक्त झिरपत होतं. आदल्या संध्याकाळी भाताच्या खाचराचा बांध कोरण्यावरून त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाने, आमच्या तात्यांनी, त्यांच्या टाळक्यात कुदळीचा दांडा घातला होता. तरी वडील मला वेल्ह्याच्या स्टँडवर सोडायला आले. "डोस्क्याकडं बगू नगं, जागा धर," एवढंच म्हणाले. आईने बजावलं, "कुनी इचारलं तर बैलानं मारलं म्हन." माझा भाऊ संतोष आलाच नाही. तो अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता.

मानवशास्त्र म्हणजे माणसांचा अभ्यास, असं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "मग हितं मानसं काय कमी हायती?" विद्यापीठात विषय निवडायची वेळ आली तेव्हा मैत्रिणींनी खाद्यसंस्कृती घेतली, सिनेमा घेतला. मी 'नातेसंबंध आणि हिंसा' घेतला. याच मैत्रिणी तोरण्यावर ट्रेकला यायच्या आणि म्हणायच्या, किती शांत गं तुमच्याकडे! माझं डोकंच फिरायचं.

एकदा मॅडमनी विचारलं, वैर धरलेली दोन घरं काय तोडत नाहीत? मी ताडकन उठले. म्हटलं, सुतक. बोलणं बंद होतं, लग्नाला कुणी जात नाही, वाट अडवतात, पण तिकडे कुणी मेलं की भावकीला सुतक धरावंच लागतं. मॅडम खूश झाल्या. मीही दिवसभर मिरवलं.

त्याच सत्रात आईचा फोन आला. "संत्यानं तात्यास्नी तोडलं गं. बांधावरच."

घरी पोचले तेव्हा संतोषला पोलीस घेऊन गेले होते. बांधावरच्या गवतावर रक्त वाळलं होतं, त्यावर माश्या घोंघावत होत्या. घरात देव झाकलेले, आमटीला फोडणी नाही. "आपल्याला सुतक हाय," आई म्हणाली. मी किंचाळले, "कुणाचं? आपल्याच पोरानं ज्यांना मारलं त्यांचं?"

"थोरलं दीर हुतं त्ये माजं," आई म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली.

दहाव्याला वडील नदीवर गेले. नको म्हटलं तरी गेले, म्हणून मीही मागोमाग गेले. ते सगळ्यांपासून लांब, एका दगडावर न्हाव्यापुढे बसले. तात्यांचा मुलगा काठी घेऊन उठला. कुणी त्याला अडवलं नाही. आता वडीलही जाणार, अशी माझी खात्रीच झाली. वस्तरा फिरत होता. केस उतरले तशी डोक्यावरची ती जुनी खोक सगळ्यांना उघडी दिसली. तात्यांचा मुलगा वडिलांपर्यंत येऊन थांबला. वडिलांनी मानही वर केली नाही. न्हाव्याला म्हणाले, "तिथं जपून रं. भावानं दिल्याली हाय."

तो काठी तशीच हातात धरून बघत राहिला. मग माघारी गेला.

आपल्यातले जे बाहेर पडलात आणि जे गावातच राहिलात, त्या तुम्हाला सांगते. मला ते गाव आवडत नाही. तुरुंगातल्या भावाला भेटायला अजून माझं मन होत नाही. पण गावी भावकीतलं कुणी वारलं की इथे हॉस्टेलवर मीही सुतक धरते, गोड तोंडाला लावत नाही. माझं घर आता एवढंच उरलंय. त्याविषयी कुणी विचारलं, तर बैलानं मारलं असं मी म्हणत नाही.